झोलाईपासून मोजलेली रेषा

गणिताच्या बाईंवर मराठीच्या मास्तराने लिहावं हा त्यांच्यावर अन्यायच आहे. पण अनुपमा चोरगे स्वतः लिहिणाऱ्यांतल्या नाहीत आणि बोलणाऱ्यांतल्या तर अजिबात नाहीत. पोलादपूरच्या शाळेत आम्ही दोघांनी बरीच वर्षं एकाच कपाटात पुस्तकं ठेवली. मी निवृत्त झालो तेव्हा निरोप समारंभात, ज्यांनी मला कधी चहा विचारला नव्हता त्यांनीसुद्धा डोळे पुसले. बाई उठल्या, सरांचा तास नेहमी पाच मिनिटं जास्त चालायचा आणि ती पाच मिनिटं माझ्या तासातून जायची असं म्हणाल्या आणि खाली बसल्या. मला रागच आला. घरी जाऊन शर्ट खुंटीला अडकवताना लक्षात आलं, की त्या दिवशी माझ्याविषयी खरं असं तेवढंच एक वाक्य बोललं गेलं होतं.

त्या मूळच्या शिवथर खोऱ्यातल्या. वडील सदू गवंडी. गवंड्याकडे पाण्याची नळी असते, लांबलचक, आरपार दिसणारी. एक टोक या भिंतीला, दुसरं त्या भिंतीला. दोन्हीकडचं पाणी थांबलं की ती एक पातळी, तिथे खूण करायची. नळीचं दुसरं टोक धरायला घरातलं कुणीतरी लागतं, आणि सदूच्या घरात ते काम या मुलीकडे होतं. पाणी हलायचं थांबेपर्यंत न बोलता उभं राहायची सवय तिला तिथे लागली ती लागलीच. पुढे महाडला कॉलेज, मग बी.एड., मग आमची शाळा. लग्न झालं मुरारी चोरगेशी. हा मुरारी मुंबईत एका गोदामात सुपरवायझर, गणपतीला आणि शिमग्याला गावी येणारा, बोलायला मोकळा. बायकोच्या वाटणीचंही तोच बोलतो.

बाई आठवडाभर पोलादपुरात खोली घेऊन राहायच्या आणि शनिवारी दुपारी सासरी जायच्या. सासर म्हणजे चोरग्यांचा कोंड, कापड्याच्या वरच्या अंगाला डोंगराच्या कुशीत, मोजक्या घरांचा. तरुण सगळे मुंबईला, घरांना कुलपं, आणि उरलेल्या घरांत म्हातारी माणसं. सासू साळूबाई गेल्यापासून सासरा कुशाबा एकटाच असायचा. कोंडाची देवी झोलाई, तिची पूजा चोरग्यांच्या याच घराकडे. सकाळी पाणी घालायचं, फूल वाहायचं आणि दिवस मावळताना देवळापुढच्या दगडी कोनाड्यात मोठा दिवा लावायचा. कुशाबा अंगाने किरकोळ आणि स्वभावाने सुनेसारखाच अबोल. दोघं तासन्‌तास एका ओटीवर बसत आणि कुणी काही बोलत नसे. मला वाटतं, या जगात त्या दोघांचं एकमेकांशी जितकं पटलं तितकं दुसऱ्या कुणाशीच पटलं नाही.

दहावीला निर्देशक भूमिती असते आणि तिच्यात रेषेचा चढ काढायचा असतो. माझा तास संपायचा (उशिराच) तेव्हा बाई दारात उभ्या असायच्या, त्यामुळे त्यांच्या तासाची सुरुवात मी पुष्कळदा ऐकली आहे. फळ्यावर 2x − 3y + 6 = 0 असं काहीतरी लिहायच्या. मग y ला एकटं एका बाजूला काढायचं आणि त्याच्या गुणकाने सगळ्याला भागायचं. उरतं y = ⅔x + 2. आता x च्या शेजारी बसलेली संख्या, दोन तृतीयांश, तोच त्या रेषेचा चढ. तीन पावलं आडवं गेलं की दोन पावलं वर. एखादा यशराज हात वर करून विचारायचाच, की बाई, मागे तो दोन उरला त्याचं काय करायचं? बाई सांगायच्या, त्याला हात लावू नकोस. आपल्याला चढ विचारलाय, रेषा कुठे आहे ते विचारलेलं नाही. त्या दोनच्या जागी दोनशे लिहिले तरी चढ तोच राहतो, रेषा फक्त सरकते. मी खडूचे हात झाडत बाहेर पडायचो आणि मनात म्हणायचो, बरं आहे, गणितातसुद्धा काही गोष्टींकडे काणाडोळा करायची सोय आहे.

दोन हजार एकवीसच्या पावसाळ्यात आमच्या भागात डोंगर खाली आले. त्याविषयी मी लिहिणार नाही. ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांना सांगायची गरज नाही आणि ज्यांनी पाहिले नाहीत त्यांना सांगून कळणार नाही. पण त्यानंतर प्रत्येक वाडीतला माणूस आपल्या मागच्या डोंगराकडे वेगळ्या नजरेने बघायला लागला. चोरग्यांच्या कोंडातही सरकारी माणसं आली, पाहून गेली, एका घराच्या भिंतीवर लाल रंगाने खूण करून गेली. खाली सरकायला जागा मिळेल असंही सांगून गेली. कोंडातली म्हातारी माणसं घाबरली आणि त्यांनी एका शनिवारी बाईंना ओटीवर गाठलं. तू गणिताची बाई, तूच सांग आमाला, डोंगर हलतोय का नाय.

बाई हसण्यावारी नेतील असं मला वाटलं होतं, पण त्यांनी ते मनावर घेतलं. वडिलांची नळी आणली. झोलाईच्या देवळापासून सगळ्यात खालच्या, आवडी म्हातारीच्या घरापर्यंत पायवाटेवर खुंट्या मारल्या. दर खुंटीशी आडवं अंतर किती आणि खाली उतरलो किती ते घेतलं, आणि त्या उताराचं समीकरण लिहिलं. सुरुवात कुठून धरायची हा प्रश्न तिथे कुणाच्या डोक्यातही आला नसता. त्या कोंडात सगळंच झोलाईपासून मोजतात. कुणाच्या शेताचा बांध कुठे, लग्नाचा मांडव कुठे, नवं घर कुठे, तर देवीपासून इतक्या काठ्या. मोजायची काठीसुद्धा देवळातच ठेवलेली असते. भावाभावांचं भांडण झालं, तरी काठी देवीच्या पायरीपासून टाकली की दोघं गप्प बसतात. बाईंनीही देवीची शिळा हाच आरंभबिंदू धरला. शिळा म्हणजे शून्य, शून्य. तसं धरलं की समीकरणात मागे काही उरतच नाही. y बरोबर चढ गुणिले x, आणि उतार म्हणून चढाला उणे चिन्ह. इतकं सुटसुटीत समीकरण पाहून आपल्याला बरं वाटलं होतं, हे त्यांनी मला पुढे सांगितलं.

दर वैशाखात त्या मोजायच्या आणि दर वैशाखात चढ तोच यायचा. दशांश चिन्हानंतरसुद्धा फरक नाही. बाई ओटीवर उभ्या राहून सांगायच्या, चढ तोच आहे, काळजी करू नका. झालं. खाली मिळणारी जागा कोंडाने नाकारली. म्हाताऱ्या आपल्या चुलीपाशी परतल्या. मुंबईतले लेक फोनवर विचारायचे तेव्हा आईबाप सांगायचे, अनूनं मोजलंय.

माझं मूळ घर दरीच्या पलीकडच्या सोंडेवर, कोंडाच्या अगदी समोर. निवृत्तीनंतर बायकोच्या, म्हणजे उज्वलाच्या, हट्टापायी मी तिथे राहायला गेलो. आमच्या वाडीची देवी मानाई, ती झोलाईची सख्खी बहीण समजली जाते. मानाईच्या देवळाच्या जाड भिंतीत, जमिनीपासून गुडघाभर उंचीवर, मूठ जाईल एवढं एक भोक आहे. त्याला बहिणीची खिडकी म्हणतात. गुडघे टेकून तिला डोळा लावला की दरीतल्या मधल्या सोंडेवरचा काळा कातळ दिसतो आणि त्या कातळाच्या काठावर, बरोब्बर टेकलेला, पलीकडच्या झोलाईचा दिवा. घटस्थापनेच्या संध्याकाळी आमच्याकडे आधी खिडकीतून बहिणीचा दिवा पाहतात आणि मगच घट बसवतात. कधीपासून ते कुणाला माहीत नाही. माझा देवाधर्मावर विशेष विश्वास नाही, पण उज्वलापुढे माझ्या विश्वासाला कोण विचारतो?

गेल्याच्या गेल्या वर्षी घटस्थापनेला पुजाऱ्याने खिडकीला डोळा लावला आणि तसाच राहिला. मग दुसरा वाकला, मग तिसरा. शेवटी मलाही वाकवलं. कातळ दिसत होता, त्याच्या वर काळोख होता आणि दिवा नव्हता. बायका कुजबुजायला लागल्या की झोलाई रुसली. मी वैतागून उठलो आणि बाहेर अंगणात आलो, तर समोर डोंगरावर दिवा चांगला जळत होता. परत आत येऊन गुडघे टेकले. नाही. बाहेर आलो. आहे. माझ्या अंगावर काटा आला, हे मी इथे लिहून टाकतो, कारण त्या वेळी कुणाला सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी बाईंना फोन करून चेष्टेने विचारलं, की तुमच्या सासऱ्यांनी तेल कमी केलं की काय. त्या हसल्या नाहीत. संध्याकाळी आल्या, खिडकीशी गुडघे टेकून बसल्या आणि पाण्याच्या नळीपाशी उभं राहावं तशा कितीतरी वेळ हलल्या नाहीत. मग तिथूनच कुशाबाला फोन लावला. आबा, दिवा बांबूला बांधा आणि हळूहळू वर घ्या. पलीकडे म्हातारा एकटा बांबू उभा करत असणार. बराच वेळ गेला आणि बाई म्हणाल्या, थांबा आबा, आला, तिथेच धरा. बांबूवर खूण करून घ्या. खूण कोनाड्याच्या वर हातभर निघाली.

आम्ही अंगणात आलो. बाईंनी काटकीने मातीत एक तिरकी रेघ ओढली, आणि तिच्याखाली तशीच दुसरी, पहिलीला अगदी समांतर.

"चढ तोच आहे सर," त्या म्हणाल्या. "रेषा तिथे नाही."

मला कळलं नाही. मग त्यांनी लहान मुलाला समजवावं तसं सांगितलं. खिडकी आणि कातळ या दोन जागा पक्क्या. त्या दोहोंतून जाणारी रेषा एकच, आणि झोलाईचा दिवा त्या रेषेवर होता. आता नाही. म्हणजे दिवा खाली आला, कातळाआड गेला; अंगणात उभं राहिलं की डोळा उंच असतो, म्हणून तिथून तो अजून दिसतो. दिवा कोनाड्यात, कोनाडा देवळाला, देऊळ डोंगराला. डोंगराचा तो सगळा पदर, देऊळ, घरं, फणस, पायवाट, माझ्या खुंट्या, एकमेकांना न सोडता एकत्र खाली सरकतोय. आतून मोजलं तर फरक कसा दिसेल? मी देवीलाच शून्य धरलं होतं. शून्यच चालतंय हे शून्यावर उभं राहून कळणार नाही. हे सांगताना त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, पण हातातली काटकी त्यांनी मोडून मोडून तिचे बारीक तुकडे केले होते. माणसं माझ्या शब्दावर तिथे राहिलीत सर, एवढं बोलल्या आणि तिथेच मातीत बसून रडल्या. मी त्यांना त्याआधी कधी रडताना पाहिलं नव्हतं.

त्या रविवारी मी त्यांच्याबरोबर कोंडात गेलो. गुडघे दुखत होते, पण गेलो. तिथे सगळं जागच्या जागी होतं, आणि मला भीती वाटली ती त्याचीच. दारासमोर दार होतं, पायरी सरळ होती, भिंतीला तडा नव्हता. तुळशीपुढची रांगोळीसुद्धा मोडलेली नव्हती. माणसं मला पाणी देत होती, बसा म्हणत होती, आणि मला सारखं वाटत होतं की आपण जमिनीवर बसलेलो नाही. दुपारी सगळे जेवायला आत गेल्यावर मी ओटीवर आडवा झालो. कानाखालून, फार खोलवरून, कुणीतरी जातं ओढत असल्यासारखा आवाज आला आणि थांबला. मी उठून बसलो. कुशाबा उंबऱ्यात उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि रोजचंच असल्यासारखी मान हलवली.

बाईंनी कोंडातल्या माणसांना गणित सांगितलं नाही. प्रत्येकाला आमच्या वाडीत आणलं आणि खिडकीशी बसवलं. आधी कोनाड्यातला दिवा शोधायला लावला, मग बांबूवरचा दाखवला. आवडी पंचाहत्तरीच्या पुढची, दोघांनी धरून तिला गुडघ्यांवर बसवली. तिने पाहिलं, पदराने डोळा पुसून पुन्हा पाहिलं, आणि म्हणाली, "आमची आई निघालीय गो. आमालाच कललं नाय." ती रांगोळी घालायची ते घर तिने त्याच आठवड्यात सोडलं. बाकीच्यांनीही दिवाळीपर्यंत सामान उतरवलं. काही कापड्याला नातेवाइकांकडे, काही रस्त्याकडेच्या पत्र्याच्या शेडमध्ये, काही मुंबईला लेकांकडे. कुणी बाईंना दोष दिला नाही. दोष दिला असता तर त्यांना सोपं गेलं असतं, असं मला वाटतं.

कुशाबा मात्र हलला नाही.

खिडकीला तोही डोळा लावून गेला होता. उठला, गुडघ्यांची माती झटकली आणि कोंडाची वाट धरली. दुसऱ्या दिवशी त्याने देवीला कौल लावला. शिळेच्या दोन खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि विचारायचं. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. तुला खाली नेऊ का, असं त्याने विचारलं. डावी पडली. पुन्हा लावला, पुन्हा डावी. मुरारी मुंबईहून आला, पप्पा, रिस्क कशाला घेताय, फालतू जिद्द आहे ही, असं तासभर ओरडला आणि रडत परत गेला. बाईंनी ओरडून पाहिलं नाही. समोर बसल्या आणि म्हणाल्या, आबा, पावसाळ्याआधी चला. म्हाताऱ्याचं उत्तर एवढंच होतं, "मी आलो तर दिवा कोन लावनार? भैन तिकडनं बघते तिची. अंधार दावू तिला?" हे मला त्यांनी सांगितलं तेव्हा मीच चिडलो. उचलून आणा म्हटलं त्याला. त्या म्हणाल्या, उचलून आणलेला माणूस रात्रीत परत जातो सर, त्याला स्वतःलाच यावंसं वाटायला हवं.

मग त्यांचा एक नेम झाला. दर शनिवारी त्या कोंडात जाऊन म्हाताऱ्याचा स्वयंपाक करून यायच्या आणि दिवेलागणीला आमच्या सोंडेवर हजर व्हायच्या. आधी आत जाऊन खिडकीला डोळा लावायचा. तिथून दिवा दिसत नसेच. मग बाहेर अंगणात. थंडीत तो अंगणातून उभ्याने दिसायचा. होळीच्या सुमारास टाचा उंच कराव्या लागल्या. वैशाखात मी अंगणाच्या दगडी गडग्यावर चढायला लागलो. आपल्याला दिसतोय, म्हणजे म्हातारा जिवंत आहे आणि दिव्याला हात लावून नुकताच मागे फिरला आहे, इतकं त्या उजेडावरून कळायचं. आणि दर वेळी तो उजेड थोडा आणखी खाली असायचा. पत्र्याच्या शेडमध्ये गप्पा मारणाऱ्या माणसांत बसून मला त्या एका दिव्याचीच आठवण यायची. निर्मनुष्य कोंडात, बंद दारांमधून, एक माणूस रोज हातात तेलाचा बुधला घेऊन चालतोय आणि त्याच्या पायाखालची वाट त्याला घेऊन खाली चाललीय. उज्वला म्हणायची, तुम्ही हल्ली जेवताना मध्येच थांबता.

मिरग होऊन गेला होता. तो शनिवार अख्खा पावसात गेला. कोंडाकडची वाट वाहून गेल्यामुळे बाईंना वर जाता आलं नाही, त्या सरळ आमच्याकडे आल्या. दिवस मावळायच्या वेळी पाऊस उघडला आणि दरीतून धुकं वर आलं. मी छत्री घेऊन गडग्यावर चढलो. समोर पांढरं होतं. डोंगर नाही, कातळ नाही, आमच्या अंगणापुढची काजूची झाडंसुद्धा नाहीत. बाई नेहमीप्रमाणे आधी देवळात गेल्या होत्या. त्यांना यायला वेळ लागला. बाहेर आल्या तेव्हा फोन कानाला होता, आणि समोरून कुशाबाचा आवाज येत होता, फोन मोठ्या आवाजावर असल्यामुळे मलाही ऐकू येणारा. तो सांगत होता, की दुपारपासून अंगात ताप आहे, पाय उचलत नाही.

"आज देवलात गेलोच नाय गो," तो म्हणाला. "सालू गेली त्या दिशी बी गेलो व्हतो. आज पयल्यांदाच."

बाई माझ्याकडे पाहत उभ्या राहिल्या. मग शांतपणे म्हणाल्या,

"आबा, दिवा लागलाय."

मग कुशाबाने विचारलं, सर हायत का तिथं? बाईंनी फोन माझ्यापुढे धरला. त्याने मला विचारलं, दिसतोय का दिवा. मी पुन्हा एकदा समोर पाहिलं. धुक्याखेरीज काही नव्हतं. पण बाई काय करतायत ते माझ्या लक्षात आलं होतं, आणि मनातून मी त्यांना शाबासकी देत होतो. इतक्या वर्षांत जी बाई कुणाच्या समाधानासाठीसुद्धा खोटं बोलली नाही, तिने आज माणसाच्या जिवासाठी बोलावं आणि मी मध्ये पाय घालावा?

मी म्हटलं, हो कुशाबा, दिसतोय, चांगला मोठा जळतोय.

त्याने एक मोठा श्वास सोडला. मग मला वाटतं तो हसला. "मंग माजं काम सपलं," म्हणाला. "तिचं ती लावते म्हनायची. उद्या उतरतो."

रविवारी सकाळी पावसाची उघडीप होती. कापड्याची दोन माणसं मोडक्या वाटेने अर्ध्यापर्यंत गेली, तर तो काठी टेकत खाली येतच होता, अंगात ताप, हातात कपड्यांची एक पिशवी. बुधवारी दिवसाढवळ्या, आमच्याकडे बायका भांडी घासत असताना, चोरग्यांचा कोंड गेला. आमच्या सोंडेवरून मी पाहिलं. मोठा आवाज नंतर झाला. आधी सगळी घरं उभीच्या उभी चालायला लागली, एकमेकांतलं अंतर राखून, आणि मग धूळ आणि पाणी वर आलं. कुणालाही खरचटलं नाही. झोलाईची शिळा अजून सापडलेली नाही.

पुढच्या आठवड्यात मी शेडमध्ये त्यांना भेटायला गेलो. कुशाबाचा ताप उतरला होता, तो खाटेवर बसून बशीने चहा पीत होता. आवडी कुणालातरी सांगत होती की आई आधी पुढं गेली आणि मग लेकरांना हाक मारली. बाई दाराशी भाजी निवडत होत्या. मी त्यांच्याजवळ स्टूल ओढलं आणि हळूच म्हणालो, बाई, तुम्हाला त्या दिवशी फारच योग्य वेळी सुचलं.

काय सुचलं, त्यांनी विचारलं.

दिवा लागलाय असं सांगायचं.

त्यांनी हातातली जुडी खाली ठेवली. "मी आत खिडकीशी होते ना सर. कातळाच्या काठावर टेकलेला दिसला. पूर्वीच्या जागी. मला वाटलं आबांनी पुन्हा बांबूला बांधला असेल, म्हणून तर फोन केला विचारायला."

त्या माझ्याकडे पाहत होत्या, गणित तपासताना पाहायच्या तशा. मग म्हणाल्या, की मलासुद्धा आधी डोळ्यांवर विश्वास बसला नाही, एवढ्या धुक्यात कसा दिसेल असं वाटलं, भास झाला असंच म्हणून मी सोडून दिलं असतं. "पण तुम्हीही बाहेरून पाहिलात. म्हणून मी आबांना त्या दिव्याच्या भरवशावर येऊ दिलं, आणि म्हणूनच रात्री झोपू शकते. दिसला होता ना तुम्हाला?"

खाटेवर कुशाबाने बशी खाली ठेवली होती.

मी हो म्हणालो.